ब्रेक लावल्यावर वीज जाते कुठे? रिजनरेटिव्ह आणि रिओस्टॅटिक ब्रेकमधला फरक

विजेच्या इंजिनाने ब्रेक लावला की वीज तारेत परत जाते, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. डब्ल्यूएजी-७ जातीची मालगाडीची इंजिनं वर्षानुवर्षं विजेचा ब्रेक वापरत आली, पण त्यातून तारेत एक युनिटही परत गेलं नाही. त्यांचा ब्रेक रिओस्टॅटिक. वीज परत देतो तो रिजनरेटिव्ह. रेल्वेच्या वीजबचतीचं गणित मांडताना या दोन्हींची गल्लत झाली की सगळेच आकडे चुकतात.

दोन्हींची सुरुवात सारखीच. धावत्या गाडीच्या ट्रॅक्शन मोटरला, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या मोटरला, जनित्रासारखी चालवायची. मग चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि त्यात चाकांना जो विरोध होतो तोच ब्रेक. इथवर तयार होणारी वीज दोन्हीकडे तितकीच. फरक आहे तो पुढच्या वाटेत.

रिओस्टॅटिकमध्ये ही वीज इंजिनातल्याच रेझिस्टरच्या जाळीत सोडतात. जाळी तापते, पंखा ती उष्णता बाहेर फेकतो, संपलं. डिझेल इंजिनांवरचा डायनॅमिक ब्रेकही हाच. डोक्यावर तारच नसल्यामुळे तिथे दुसरा मार्ग नाही. पंखा बंद पडला किंवा जाळीत धूळ-तेल साचलं तर पट्ट्या जळतात, म्हणून पंख्याची हवा कमी झाली की संरक्षक रिले ब्रेक तोडतो.

मग जुन्या विजेच्या इंजिनांनी वीज तारेत का सोडली नाही? कारण त्यांच्या मोटर डीसी. ट्रान्सफॉर्मर आणि डायोडच्या रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या यंत्रणेतून, वीज तारेकडून मोटरकडे येते. उलट जाऊ शकत नाही. डायोडला एकच दिशा ठाऊक. एसी मोटरच्या थ्री-फेज इंजिनांत, म्हणजे डब्ल्यूएपी-५, डब्ल्यूएपी-७, डब्ल्यूएजी-९ यांत, डायोडच्या जागी दोन्ही दिशांनी चालणारा कन्व्हर्टर असतो. मोटरकडून आलेल्या विजेचं तो आधी डीसी करतो, मग तारेतल्या ५० हर्ट्झच्या लाटेशी लय जुळवून एसी करतो आणि त्याच ट्रान्सफॉर्मरमधून वर पाठवतो. १९९०च्या दशकात हे तंत्र एबीबी या युरोपीय कंपनीकडून आलं. आता चित्तरंजनच्या कारखान्यात थ्री-फेज इंजिनंच बनतात.

नेमकं किती परत मिळतं? भोर घाट घेऊ. लोणावळ्याहून कर्जतला उतरताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. इंजिनासह १,००० टनांची गाडी धरली तर या उतरण्यात सुमारे १,५०० युनिट ऊर्जा मोकळी होते. ती सगळी काही हाती लागत नाही. चाकं, बेअरिंग आणि वळणांचा रोध आपला वाटा घेतो. मोटर, कन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये आणखी घट होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रेकची ताकद अपुरी पडते. घाटातला कमाल चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटरला १ मीटर. त्यावर ही गाडी सुमारे २६५ किलोन्यूटन जोराने खाली ओढली जाते, आणि डब्ल्यूएपी-७चा रिजनरेटिव्ह ब्रेक जास्तीत जास्त १८२ किलोन्यूटनचा. गाडीच्या स्वतःच्या रोधाने थोडी भर पडते, पण उरलेला भार डब्यांच्या एअर ब्रेकवरच येतो आणि तेवढी ऊर्जा ब्रेक ब्लॉकमध्ये घासून जाते. तरीही काही शे युनिट तारेत जातात, शिवाय चाकं आणि ब्लॉक कमी झिजतात.

सपाटीवर हिशेब लहान होतो. तीच गाडी ताशी ११० किमीवरून थांबवली तर सगळी मिळून १३० युनिटच्या आसपास. म्हणूनच लांब पल्ल्याच्या, क्वचित थांबणाऱ्या गाडीपेक्षा दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकल आणि मेट्रोत या ब्रेकचं खरं चीज होतं. दिल्ली मेट्रोच्या रिजनरेटिव्ह ब्रेकची २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्बन क्रेडिट योजनेत नोंद झाली, ती याच बळावर.

रिजनरेटिव्ह ब्रेकची अट मात्र कडक आहे: परत आलेली वीज त्याच क्षणी कोणीतरी घ्यायला हवी. २५ केव्ही एसीमध्ये हे सोपं. जवळच्या चढत्या गाडीने घेतली तर उत्तम; नाहीतर सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर ती उलट वीज कंपनीच्या जाळ्यात पाठवतो. तिथे मीटर आणि करार कसा आहे, यावर रेल्वेला तिचे पैसे मिळतात की ती फुकट जाते हे ठरतं. डीसीमध्ये अडचण मोठी. सबस्टेशनमधला रेक्टिफायर एकेरी, त्यामुळे वीज जाळ्याकडे परत जात नाही. त्याच भागात दुसरी गाडी वीज खेचत नसेल तर तारेतला विजेचा दाब (व्होल्टेज) चढतो. १,५०० व्होल्टच्या पद्धतीत १,८०० व्होल्ट ही वरची मर्यादा. तिथे पोहोचताच गाडीतलं नियंत्रण रिजनरेशन आखडतं आणि उरलेली वीज रेझिस्टरमध्ये वळवतं. म्हणजे डीसीवर धावणाऱ्या एकाच गाडीत दोन्ही ब्रेक असू शकतात आणि गर्दीच्या वेळेला रिजनरेटिव्ह, तर रात्रीच्या शेवटच्या फेरीला रिओस्टॅटिक जास्त काम करतो.

मुंबईची उपनगरी सेवा १९२५ पासून १,५०० व्होल्ट डीसीवर होती. पश्चिम रेल्वेवर २०१२ पर्यंत आणि मध्य रेल्वेवर २०१६ पर्यंत ती २५ केव्ही एसीवर आली. या बदलाची चर्चा वेगापुरतीच होते. पण ब्रेकची वीज रात्रीच्या शेवटच्या लोकलमध्येही वाया न जाण्याची सोय त्यानेच झाली, हा फायदा माझ्या मते कमी लेखला गेला. पुण्यात मेट्रोचे आधीचे मार्ग २५ केव्हीवर आहेत, तर हिंजवडी-शिवाजीनगर मार्ग ७५० व्होल्ट डीसी थर्ड रेलचा, म्हणजे वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून घेणारा. अशा मार्गावर पूर्ण फायदा हवा असेल तर सबस्टेशनमध्ये डीसीचं एसी करणारा इन्व्हर्टर किंवा साठवणुकीची सोय हवी.

आता चुका कुठे होतात ते. पहिली न्यूट्रल सेक्शनला. तिथे तारेत वीज नसते आणि सर्किट ब्रेकर उघडावा लागतो, म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेक पूर्ण नाहीसा होतो. उतारावर फक्त त्याच्या भरवशावर आलेली गाडी इथे वेग पकडते. म्हणून लोको पायलटने ब्रेकचा थ्रॉटल शून्यावर आणण्याआधीच एअर ब्रेक धरलेला असावा. दुसरी गोष्ट मालगाडीची. हा ब्रेक इंजिनाच्याच चाकांना लागतो. एकदम लावला तर मागचे वॅगन पुढे रेटतात, डबे जोडणाऱ्या कपलरवर झटके बसतात आणि वळणावर पुढचे हलके वॅगन रुळावरून उचलले जाण्याचा धोका असतो. आधी थोडं धरून गाडी जुळू द्यायची, मग वाढवायचं. आणि अगदी कमी वेगात हा ब्रेक गळून पडतो. गाडी उभी धरून ठेवायला तो उपयोगाचाच नाही, तिथे एअर ब्रेक आणि पार्किंग ब्रेकच.

उरतो चालवणाऱ्याचा हात. थ्री-फेज इंजिनाच्या स्क्रीनवर वापरलेली आणि परत दिलेली युनिटं वेगवेगळी दिसतात. सिग्नल दुरून दिसताच कोस्टिंग करून, म्हणजे मोटरचा जोर बंद करून गाडी नुसती धावू देऊन, हळूहळू रिजनरेटिव्ह ब्रेक लावणारा आणि शेवटच्या क्षणी एअर ब्रेक ओढणारा, अशा दोघांनी त्याच मार्गावर तीच गाडी नेली तरी दुसऱ्या आकड्यात ठळक फरक पडतो. रिओस्टॅटिक ब्रेकच्या इंजिनात मात्र दोघांच्याही नावावर परत दिलेलं युनिट शून्यच.