घोड्याच्या मानेतली सुई आणि वायुकोथ : पार्श्वभूमी

गाई-बैलांचा फऱ्या माण-खटावात किंवा जत-आटपाडीत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घोड्यात त्याच कुळातले जंतू बहुतेकदा सुईमागून येतात आणि स्नायू सडवून आत वायू धरतात; हाच वायुकोथ. त्यांतला मुख्य, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स, १८९२ साली नोंदला गेला आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा सडवून कुप्रसिद्ध झाला.

घोड्यांपुरता विषय तापला तो १९८० च्या दशकात. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक तेव्हा घोड्यांसाठी इंजेक्शनच्या रूपात आले होते. टोचल्या जागी सूज आणि क्लॉस्ट्रिडियमचे संसर्ग अशा तक्रारी आल्यावर अमेरिकेत ते मागे घेतले गेले आणि तोंडातून द्यायची पेस्ट रूढ झाली. गाई-म्हशींसाठीची १ टक्क्याची बाटली मात्र आपल्याकडे सहज मिळते आणि घोड्यालाही टोचली जाते. पुढे १९८५ ते २००० या काळातल्या ३७ घोड्यांचा अमेरिकी आढावा २००३ मध्ये छापला गेला. जवळपास सगळ्यांना आधी कुठलेतरी इंजेक्शन दिलेले होते. ७३ टक्के वाचले, पण ते पशुरुग्णालयात पोचलेले घोडे होते.

त्या इंजेक्शनांत सर्वांत ठळक नाव फ्लुनिक्झिनचे, म्हणजे पोटशूळावर पहिल्यांदा हात जातो त्याच औषधाचे. खरा वाद इथेच आहे. घोड्याचे वेदनाशामक म्हणून त्याच्या लेबलवर शिरेतून आणि स्नायूत अशा दोन्ही वाटा मान्य आहेत. मात्रा किलोला १.१ मिलिग्रॅम, ३०० किलोच्या तट्टाला ३३० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या द्रावणाचे ६.६ मिली. एवढे झोंबणारे द्रावण एका जागी स्नायूत सोडले की तिथला थोडा भाग मरतो, रक्तपुरवठा तुटतो, प्राणवायू संपतो. बीजाणूला, म्हणजे जंतूच्या टणक कवचातल्या झोपलेल्या रूपाला, उगवायला हेच हवे असते. जंतूचे अल्फा विष पेशींची आवरणे फोडते, बारीक रक्तवाहिन्या बुजवते आणि मेलेला भाग वाढत जातो. बी-कॉम्प्लेक्स, अॅनालजिन आणि अॅलर्जीवरची इंजेक्शने यांच्यामागूनही असेच झाल्याच्या नोंदी आहेत. 'ताकदीची सुई' म्हणून हौसेने दिली जाणारी औषधे त्यांतलीच.

बीजाणू येतात कुठून यावर दोन मते आहेत. एक म्हणते सुईबरोबर, कातडीवरून. स्पिरिटने बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे बोळा फिरवल्याने निश्चिंत होता येत नाही. दुसरे म्हणते ते स्नायूत आधीच झोपलेले असतात. निरोगी घोड्यांच्या स्नायूत असे बीजाणू असल्याचे प्राथमिक पुरावे २००३ मध्येच पुढे आले. दुसरे खरे असेल तर नवी कोरी सुई वापरूनही धोका उरतो आणि 'सुई घाण होती' म्हणून मोतद्दाराला किंवा पशुधन पर्यवेक्षकाला धरणे अन्यायाचे ठरते. लेबलने स्नायूची वाट उघडी ठेवणे हेच मुळात चुकले, असे म्हणणाऱ्यांची बाजू जड वाटते.

स्नायूच्या बाजूचा युक्तिवाद अगदी पोकळ नाही. मानेतल्या शिरेमागेच धमनी असते. सुई तिच्यात गेली तर घोडा झटके येऊन कोसळतो. औषध शिरेबाहेर गळले तरी तिथे तोच कोथ होऊ शकतो. पाचगणीच्या टेबललँडवर किंवा मेंढरांमागे कोकणात उतरलेल्या धनगराच्या तांड्यात रात्री शीर कोण धरणार? पण तिसरी वाट आहेच. तेच द्रावण सुई काढलेल्या सिरिंजने त्याच मात्रेत तोंडात देता येते. गुण यायला थोडा वेळ जास्त लागतो एवढेच. नाकातून पोटातले पाणी उलटत असेल तर मात्र तोंडावाटे काही देऊ नये, पशुवैद्यकच गाठावा.

आपल्याकडे या प्रश्नाला गिधाडांनी वेगळे वळण दिले. मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांना मारणारी वेदनाशामके म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक बंद झाले, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकही. पर्याय कमी झाले, पण स्नायूत टोचायची सवय तशीच राहिली.

सूज साधारण ६ ते ७२ तासांत येते. आधी गरम आणि दुखरी, मग थंड, बधिर. दाबल्यावर कातडीखाली वायूची चरचर. ताप चढतो, नाडी धावते. मान आखडल्याने डोके खाली जात नाही, म्हणून पाणी आणि चंदी छातीच्या उंचीवर टांगावी लागते. चरचर नाही म्हणून थांबू नये. ती उशिरा येते किंवा येतही नाही.

उपचाराचा हिशेब मोठा आहे. क्रिस्टलाइन पेनिसिलिन किलोला ४४,००० युनिट धरले तर ३०० किलोला १ कोटी ३२ लाख युनिट, म्हणजे १० लाखांच्या सुमारे १३ कुप्या, शिरेतून दर ६ तासांनी. दुकानात सहसा मिळते ते ४० लाखांचे फोर्टिफाइड प्रोकेन पेनिसिलिन. ते शिरेत देणे जिवावर बेतते आणि स्नायूत देणे म्हणजे आणखी एक सूज ओढवणे. सोबत मेट्रोनिडाझोल तोंडातून, पण त्याने घोडा खाणे सोडू शकतो. खरा फरक पडतो तो चिरांनी: पशुवैद्यक सुजेवर कातडी आणि त्याखालचे आवरण भेदून लांब उभ्या चिरा देतात, म्हणजे हवा आत जाते आणि स्राव बाहेर पडतो. मानेतला स्राव निचरतो, पुठ्ठ्यातला साचतो. नंतर कातडीचे पट्टेच्या पट्टे गळून पडतात, जखम भरायला अनेक आठवडे जातात, आणि तेवढे दिवस धनुर्वाताचे संरक्षण व माश्यांपासून बचाव दोन्ही सांभाळावे लागतात.