डाँग क्वाई इस्ट्रोजेनची जागा घेते का?

रजोनिवृत्तीत अंगातून गरम वाफा निघतात, घामानं झोप मोडते. त्यावर डाँग क्वाई ही चिनी मुळी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखी चालते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं दिसलेलं नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या चाचणीत ७१ स्त्रियांपैकी काहींना २४ आठवडे ही मुळी दिली, बाकीच्यांना हुबेहूब पण बिनऔषधी कॅप्सूल. वाफांत फरक नाही, गर्भाशयाच्या अस्तराच्या जाडीतही नाही. इस्ट्रोजेनसारखा परिणाम असता तर अस्तर जाड झालं असतं. चिनी वैद्य मात्र ही मुळी सहसा एकटी देत नाहीत, इतर वनस्पतींसोबत काढ्यात देतात. त्या काढ्यांचा निकाल या चाचणीनं लागत नाही. आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ही मुळी घेऊच नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.