अपग्रेड म्हणजे ‘फॉरमॅट मारणे’ नव्हे

कोल्हापुरात संगणक दुरुस्तीच्या दुकानात दहा मिनिटे उभे राहिले, तर ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य एकदा तरी कानी पडते. विंडोज १० चा नियमित आधार (सुरक्षेची अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून ‘११ टाकायचे म्हणजे फॉरमॅट आलेच’ असेही सर्रास सांगितले जाते आणि ते ऐकून मला दर वेळी चीड येते.

फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकणे, म्हणजेच क्लीन इन्स्टॉल, बहुतेकांनी एकदा तरी अनुभवलेले असते. ज्यात विंडोज असते तो सी ड्राइव्ह पुसला जातो आणि पुढचे दोन दिवस प्रिंटर, टॅली आणि फॉन्ट पुन्हा बसवण्यात जातात. अपग्रेडमध्ये, म्हणजे जुन्यावरच नवे विंडोज चढवताना, हे सर्व जागच्या जागी राहते. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि मान्य प्रोसेसर दोन्ही वाटांनी लागतातच. विंडोज १० अस्सल आणि सक्रिय असल्यास परवान्याचे वेगळे पैसेही दोन्हींत पडत नाहीत. तरीही कोणी ‘की’चे, म्हणजे परवान्याच्या क्रमांकाचे, पैसे मागितले, तर ते कशाचे, हे जरूर विचारावे.

खरी गफलत पेनड्राइव्हपाशी होते. पेनड्राइव्ह म्हणजे फॉरमॅट आणि इंटरनेटवरून येते ते अपग्रेड, असा समज पक्का रुजला आहे. वस्तुतः दोन्ही कामे एकाच पेनड्राइव्हने होतात. सेटअप, म्हणजे विंडोज बसवणारा प्रोग्रॅम, कोठून सुरू केला, यावर पुढचे सगळे ठरते. जुने विंडोज चालू असताना पेनड्राइव्ह उघडून त्यातील सेटअपवर दोनदा क्लिक केले, तर तो काय ठेवायचे हे विचारतो: फायली आणि प्रोग्रॅम दोन्ही, केवळ फायली, की काहीच नाही. याउलट संगणक बंद करून थेट पेनड्राइव्हवरूनच सुरू केला, तर सेटअपच्या दृष्टीने जुने विंडोज चालूच नसते आणि त्यामुळे प्रोग्रॅम राखून पुढे जाण्याची सोयही उरत नाही. या मार्गाने आलेल्या माणसाने जुन्या धाटणीच्या सेटअपमध्ये ‘अपग्रेड’ निवडले, तर आधी विंडोज सुरू करा आणि तेथून सेटअप चालवा, असा निरोप मिळतो. तो निरोप न वाचता अनेक जण मागे जाऊन ‘कस्टम’ हा नव्याने टाकण्याचा पर्याय निवडतात, सी ड्राइव्हचा विभाग फॉरमॅट करतात आणि ग्राहकाला ‘अपग्रेड होत नव्हते’ असे सांगतात.

शाहूपुरीतील माझ्या ओळखीच्या एका छपाई व्यावसायिकाच्या बाबतीत हेच घडले. ‘डी ड्राइव्हला हात लावला नाही’ असे त्यांना सांगण्यात आले आणि ते खरेही होते. परंतु चालू हंगामातील लग्नपत्रिकांच्या फायली डेस्कटॉपवर होत्या आणि डेस्कटॉप हा सी ड्राइव्हमधील ‘युजर्स’ या फोल्डरचाच भाग असतो, हे दोघांच्याही ध्यानात आले नाही. डी ड्राइव्हवरच्या जुन्या पत्रिका उघडल्या, तर वधू-वरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसू लागली, कारण त्या पत्रिकांचे युनिकोडपूर्व (मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवणारे जुने) मराठी फॉन्टही सी ड्राइव्हबरोबर पुसले गेले होते. फॉन्ट पुन्हा मिळवता आले. डेस्कटॉप मात्र गेला तो गेलाच. विभाग फॉरमॅट न करता त्यावरच विंडोज टाकले असते, तर जुन्या फायली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये निदान सापडल्या तरी असत्या.

माझे मत स्पष्ट आहे: यंत्र नीट चालत असेल, तर आधी अपग्रेडच करावे. ३२ बिटचे विंडोज असेल किंवा विंडोज ७ वरून थेट ११ वर जायचे असेल, तर मात्र नव्याने टाकण्याला पर्याय नाही. व्हायरसने पोखरलेल्या यंत्रातही मी तेच करीन, कारण अपग्रेड जुनी घाण सोबत नेऊ शकते. बाकी ‘फॉरमॅट केल्याने वेग वाढतो’ या युक्तिवादावर माझा फारसा विश्वास नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवल्याने जो फरक पडतो, तो फॉरमॅटने पडत नाही.

अपग्रेडनंतर नवे विंडोज पसंत पडले नाही, तर सेटिंग्जमधून मागे फिरण्यासाठी १० दिवस मिळतात. ते उलटेपर्यंत जागा मोकळी करण्याच्या नादात ‘विंडोज डॉट ओल्ड’ पुसू नये. परतीची वाट त्याच फोल्डरमधून जाते.