भरल

समखुरी गणाच्या बोव्हिडी कुलातील पहाडी सस्तन प्राणी; शास्त्रीय नाव स्यूडॉइस नयौर. हिमालय, काराकोरम व तिबेटच्या पठारापासून चीनच्या आतील पर्वतरांगांपर्यंत आढळतो. भारतात लडाख, स्पिती, उत्तराखंड, सिक्कीम व अरुणाचल प्रदेशात वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडे वाढत नाहीत) वर, साधारण ३,००० ते ५,५०० मी. उंचीवर त्याचे कळप दिसतात.

वर्गीकरण : भरल मेंढी की शेळी, हा वाद जुना आहे. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ ब्रायन हॉजसन यांनी १८३३ मध्ये त्याचे वर्णन करताना त्याला मेंढ्यांच्या ओव्हिस प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) ठेवले. पुढे १८४६ मध्ये त्यांनीच स्यूडॉइस ही वेगळी प्रजाती केली. नराला दाढी नसते, बोकडाचा उग्र दर्प नसतो. ही लक्षणे मेंढीकडची. उलट डोळ्यांपुढील ग्रंथींचा अभाव, खालून केसविरहित चपटे शेपूट आणि पुढील पायांवरचे ठळक काळे पट्टे शेळीकडे बोट दाखवतात. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शालर यांनी १९७३ मध्ये नेपाळातील शे येथे ऐन माजाच्या हंगामात निरीक्षणे केली. तेथे नर मागच्या पायांवर उभे राहून, वरून खाली झेपावत टक्कर देताना दिसले; ही रीत शेळ्यांची. मेंढीसारखी काही लक्षणे असलेली ही शेळीच, असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या जनुकीय अभ्यासांचा कलही तिकडेच असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘रानमेंढी’ हे नाव मात्र रूढ आहे.

वर्तन व परिस्थितिकी : भरल मोकळ्या गवताळ उतारावर चरतो, पण कड्यापासून फार दूर जात नाही. धोका जाणवताच तो निश्चल उभा राहतो; राखाडी अंग दगडांत मिसळून जाते. हेरला गेल्याचे कळले, की कडा गाठतो. दुय्यम नर वरचढ नराच्या पुठ्ठ्यावर तोंड घासतो. माज नोव्हेंबरअखेर ते जानेवारी, सु. १६० दिवसांनी, उन्हाळ्यात, बहुधा एकच पिल्लू होते.

हिमबिबट्याचे हे एक मुख्य भक्ष्य. स्पितीत गुरे-मेंढ्यांची चराई जास्त असलेल्या भागांत भरलांची घनता आणि माद्यांमागे पिल्लांचे प्रमाण कमी आढळले आहे. हिवाळ्यात चारा मुळातच तुटपुंजा असतो.

चीनमधील यांगत्से नदीच्या वरच्या खोऱ्यात, बातांगजवळ, जंगलपट्ट्याखालच्या कोरड्या उतारांवर लहान चणीचा भरल राहतो. काहींनी त्याला स्वतंत्र जाती मानले. उपजाती मानणे सध्या अधिक प्रचलित आहे.