गुळाचा रंग आणि तळपायाची जखम

दिवाळी झाली की कराड, वाळवा, शिराळा या पट्ट्यात गुऱ्हाळं पेटतात आणि रस्त्याकडेला ‘बिनरसायनी गूळ’ अशा पाट्या लागतात. इथवर ठीक. पण पाटीखाली बसलेला माणूस पुढे हेही सांगतो की, ‘हा शुगरवाल्यांनाही चालतो.’

नाही चालत. १० ग्रॅमच्या खड्यात नऊ ग्रॅमच्या आसपास साखरच असते. ज्या लोहाचं एवढं कौतुक होतं, ते तेवढ्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही. गुळात हायड्रॉस (रंग उजळायला घालतात ते रसायन) नसणं सगळ्यांसाठीच चांगलं, पण त्याने साखर कमी होत नाही. ती उसातून आलेली आहे, वरून कुणी घातलेली नाही. तरीही गूळ आणि मधुमेह यांचं एक नातं खरोखर आहे. ते चवीत नाही, गुळाच्या रंगात आहे.

चरकातून पडणारा रस हिरवट-मातकट असतो. काहिलीत तो तापला की मळी वर येते, रानभेंडीचा चिकट रस घालून ती गोळा करून काढतात, चुन्याची निवळी टाकून आंबटपणा मारतात. पुढे रस आटत जातो, १०५ अंशांच्या आसपास काकवी होते आणि ११८च्या पुढे गेलं की गुळव्या थेंबभर पाक गार पाण्यात सोडून गोळी वळते का बघतो. तोवर रस सोनेरी-तांबूस झालेला असतो. रंग बाहेरून कुणीच टाकलेला नाही, मग आला कुठून?

थोडा निव्वळ साखर करपल्याने. पण मोठा वाटा रसातल्या साखरेच्या आणि अमिनो आम्लांच्या संयोगाचा. १९१२ मध्ये लुई कमिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या अभिक्रियेचं वर्णन केलं. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, खव्याचा तांबूसपणा, सगळं तिचंच.

यातली गंमत अशी, की उसातली मुख्य साखर, म्हणजे सुक्रोज, या अभिक्रियेत थेट भाग घेऊ शकत नाही. सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी. दोघांनी आपापले क्रियाशील हात एकमेकांत अडकवून टाकलेले असतात, दुसऱ्याला धरायला हात मोकळाच नाही. जोडी फुटली तरच हात सुटतात. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला तर ती आपोआप फुटू लागते. म्हणून शिळ्या उसाचा गूळ गडद होतो, नीट बसत नाही, पावसाळ्यात पाझरतो. चुना जास्त पडला तरी गूळ काळवंडतो, कारण अल्कधर्मी रसात मेयारची अभिक्रिया वेग घेते. जुन्या गुळव्यांना हे सगळं हाताने ठाऊक आहे, नाव तेवढं माहीत नाही.

आता काहील सोडून शरीरात येऊ. आपल्या रक्तात साखर असते ती ग्लुकोजच्या रूपात, म्हणजे सुटी, हात मोकळा असलेली. साधारण पाच लिटर रक्तात निरोगी माणसाचं ग्लुकोज भरतं फक्त पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. आणि प्रथिनं तर सगळीकडेच. म्हणजे मेयारच्या अभिक्रियेचा सगळा माल अंगात हजर आहे, फक्त चुलवण नाही. तापमान ११८ नाही, ३७ अंश. त्यामुळे काहिलीत दोन-तीन तासांत होणारं काम शरीरात महिने आणि वर्षं घेतं. पण होतं. त्याला ग्लायकेशन म्हणतात.

त्याचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात ग्लुकोजचा मोकळा हात प्रथिनातल्या अमिनो गटाला धरतो. ही पकड सैल असते, साखर उतरली की सुटते. दुसऱ्यात त्या जोडाची अंतर्गत रचना बदलते (रसायनशास्त्रात याला अमादोरी बदल म्हणतात) आणि पकड जवळजवळ कायमची होते. तिसऱ्यात ऑक्सिडेशन होत होत त्याच जोडापासून पिवळट-तपकिरी संयुगं बनतात. शेजारशेजारच्या दोन प्रथिनांमध्ये ती टाके घालतात. हे टाके उसवायचं औषध आज दवाखान्यात मिळत नाही. ग्लुकोजचा हातही बहुतेक वेळ मिटलेलाच असतो, लाख रेणूंमागे दोन-तीन रेणूंचाच एका वेळी उघडा. सहा कार्बनच्या या जातीच्या साखरांमध्ये सगळ्यात कमी चिकटणारी ती हीच. सजीवांनी इंधन म्हणून तिलाच निवडलं, त्यामागे कदाचित हेही कारण असावं.

दुसऱ्या टप्प्यावर अडकलेलं एक प्रथिन मोजता येतं आणि तीच एचबीएवनसी तपासणी. तांबड्या पेशीत ग्लुकोज शिरायला इन्सुलिन लागत नाही, बाहेर जेवढं तेवढं आत. तिथे ते हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला चिकटतं. पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तेवढ्या दिवसांचा हिशेब अंगावर घेऊन फिरते. म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री उपास केला, गोड बंद केलं, तरी हा आकडा फसत नाही. अहवालात ७ टक्के म्हणजे सरासरी साखर १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२, १० म्हणजे २४०. आकड्यातला जवळजवळ निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो, त्यामुळे औषध बदलल्यावर आठ दिवसांत पुन्हा तपासणं म्हणजे पैसे पाण्यात. तीन महिने थांबायचं. बहुतेकांना ७च्या खाली ठेवायला सांगतात. वय झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, साखर अचानक उतरण्याचा धोका असलेल्या माणसाला डॉक्टर ८ पर्यंतही मोकळीक देतात.

तरी हा आकडा कधीकधी खोटं बोलतो. लोह कमी असलेल्या बाईचा तो खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. नुकतंच रक्त चढवलेलं असेल, पेशी लवकर फुटत असतील किंवा बाई गरोदर असेल, तर कमी. बोटाला टोचून घेतलेल्या रोजच्या साखरेशी एचबीएवनसी जुळत नसेल, तर आधी हिमोग्लोबिन किती आहे ते बघावं.

हिमोग्लोबिनचं एक बरं आहे. पेशी मेली की चिकटलेल्या साखरेसकट ते मोडीत निघतं. खरा घात होतो तो मोडीत न निघणाऱ्या प्रथिनांचा. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्मापासून तीच असतात, म्हणून मधुमेहात मोतीबिंदू लवकर येतो. कातडी आणि सांधे धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन. त्वचेतलं निम्मं कोलॅजन बदलायला १५ वर्षांच्या आसपास लागतात, कूर्चेतलं बदलायला शंभराहून जास्त. म्हणजे एकदा पडलेला टाका माणसाबरोबरच जातो. अमेरिका-कॅनडातल्या १,४४१ टाइप १ रुग्णांचा मोठा अभ्यास १९९३ मध्ये संपला, तेव्हा काटेकोर आणि सैल नियंत्रणाच्या दोन्ही गटांची साखर पुढे सारखीच झाली. तरी पुढची कितीतरी वर्षं पहिल्या गटाचे डोळे आणि मूत्रपिंडं दुसऱ्यापेक्षा बरी राहिली. शरीर जुनी साखर लक्षात ठेवतं. त्या आठवणीचा एक धागा त्वचेच्या कोलॅजनमधल्या याच ग्लायकेशनपर्यंत जातो, असं त्यांच्याच कातडीचे तुकडे तपासल्यावर दिसलं. हे एकमेव कारण नव्हे. नसांच्या बाबतीत जादा ग्लुकोजचं सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर होणं आहे, बारीक रक्तवाहिन्या बुजणं आहे. पण टाक्यांचा परिणाम घरबसल्या बघता येतो.

नमस्कार करा. तळवे घट्ट जुळवा, कोपरं बाहेर. बोटं मुळापासून टोकापर्यंत एकमेकांना टेकायला हवीत. बरीच वर्षं साखर वाढलेली असेल तर मध्ये फट राहते, बोटं सरळच होत नाहीत. हातातल्या सांध्यांचं आणि कातडीचं कोलॅजन आखडलेलं असतं. हाताची फट फारशी नडत नाही, पण हेच आखडणं पायात झालं की प्रकरण वेगळं. टाचेमागची शीर ताठ होते, घोटा नीट वाकत नाही आणि चालताना टाच लवकर उचलली जाऊन सगळा भार चवड्यावर येतो. तिथे घट्टा धरतो. घट्टा म्हणजे चपलेत राहिलेला खडाच, तो आतून दाबत राहतो. पायाला जाणीव असलेला माणूस लंगडून तो भाग वाचवतो. बधिर पायाचा माणूस सरळ चालत राहतो.

१९४६ मध्ये वेल्लोरला आलेले आणि पुढे कुष्ठरुग्णांवर काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांच्या हे प्रथम ध्यानात आलं. बोटं रोगाने सडून गळत नाहीत. दुखत नाही म्हणून जखमेवरच चालत राहिल्याने जातात. पुढे मधुमेहाच्या पायालाही हेच लागू पडलं. त्यामुळे भोकं पडलेल्या पायासाठी मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची चप्पल आणि जखमेवरचा भार काढणं हे उपाय कुष्ठरोगाकडून मधुमेहाकडे आले आहेत.

पाय बधिर झालाय हे पायाच्या मालकाला कळत नाही, हीच अडचण आहे. म्हणून घरातल्या दुसऱ्याने बघायचं. रुग्णाने डोळे मिटून पडायचं. बघणाऱ्याने तर्जनीचं टोक रुग्णाच्या पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद अलगद टेकवायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, कळलं नाही म्हणून पुन्हा लावायचं नाही. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. सहापैकी दोन ठिकाणी कळलं नाही तर पायाची संरक्षक जाणीव गेलीय असं समजून डॉक्टरांना दाखवायचं. त्यांच्याकडे १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू असतो, त्याने पक्कं होतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी १२ही तपासून घ्यावं. त्याच्या कमतरतेनेही पाय बधिर होतात आणि ते भरून काढता येतं.

इथल्या पायांचे धोके इथलेच आहेत. शेतीची वीज बरेचदा रात्रीची, म्हणून दारं धरायला रात्री जायचं. पाण्यात चप्पल अडकते म्हणून ती बांधावर काढून ठेवायची. आणि तोडलेल्या फडात खोडव्याचे बुडखे सुरीसारखे. जखम सकाळी कळते, तीही मोज्यावर किंवा अंथरुणावर डाग दिसला तर. पायाला मागे पट्टा असलेली, पुढून बंद चप्पल हवी. अंगठ्याची नको, ती पायातून निसटलेली बधिर माणसाला समजत नाही. नवी चप्पल संध्याकाळी घ्यावी, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. पहिल्या दिवशी अर्धा तास घालून काढायची आणि लाल झालंय का ते बघायचं. लोणंद-फलटणच्या वाटेवर वारीत अनवाणी चालणाऱ्यांनीही निघण्यापूर्वी ती सहा बोटांची परीक्षा करावी. विठोबाची चपलेला हरकत असल्याचं कुठल्या अभंगात वाचलेलं नाही.

रोज रात्री पाय बघायचे. तळ दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवायचा. पाणी कोमट, आणि ते कोपराने पाहायचं, पायाने नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. भेगांना तेल किंवा व्हॅसलिन लावायचं, बेचक्यांत मात्र नाही. घट्टा ब्लेडने कापायचा नाही, भोवरीवर चिकटपट्टीचं औषध लावायचं नाही, त्यात आम्ल असतं आणि बधिर कातडीला ते कुठे थांबायचं ते कळत नाही. घट्ट्यात काळसर ठिपका दिसला तर आत रक्त साकळलंय, त्याच दिवशी दाखवायचं. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल, सुजलेला आणि तरी न दुखणारा असेल तर त्यावर भार टाकणं लगेच बंद. हाडं खचत असू शकतात.

तळव्यांची आग होते म्हणून काशाच्या वाटीने तूप लावून घासण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आता त्याची यंत्रंही जत्रेत आणि दुकानांत दिसतात. पाय काळा झाला की ‘उष्णता निघाली, शुगर उतरली’ म्हणतात. काशात तीन-चतुर्थांशाहून जास्त तांबं असतं. घासताना त्याचे कण आणि तुपातली आम्लं मिळून तो काळा लेप होतो. ज्याला मधुमेह नाही त्याचाही पाय तितकाच काळा होतो. बरं वाटत असेल तर हाताने हलकं तूप चोळा, पण बधिर तळव्यावर यंत्र नको. कारल्याच्या रसाचंही तसंच, कडू खाल्ल्याने गोड मरतं हा हिशेब जिभेचा आहे, रक्ताचा नाही.

बाकीचं थोडक्यात. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासणं, मूत्रपिंडासाठी लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण (३०च्या आत हवं), रक्तातलं क्रिएटिनिन, आणि रक्तदाब १३०/८०च्या खाली. कमी दिसायला लागलं की डोळे दाखवायला जायचं असं ठरवलं तर उशीर झालेला असतो.

शेवटी पुन्हा गूळ. औषधाने साखर ७०च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले तर लोक पटकन गुळाचा खडा तोंडात टाकतात. बहुतेकांना तो चालतो. पण ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तिहेरी गोळी चालू असेल तर दगा होऊ शकतो. सुक्रोजची जोडगोळी आतड्यात फोडणारं विकर व्होग्लिबोज अडवतं. गूळ आणि साखर पोटात गेली तरी हात अडकलेलेच राहतात आणि रक्तातली साखर लवकर चढत नाही. अशा माणसाला सुटं ग्लुकोजच लागतं, तीन चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर आणखी तेवढंच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. रात्री रानात जाताना बॅटरीबरोबर ग्लुकोज पावडर घ्यायची ती कागदाच्या पुडीत नको, पाटाच्या ओलीने तिचा गोळा होतो. घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायची.