कोणती लाइन घ्यावी? बडोद्यातला जुना प्रश्न

बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत एकच विषय निघतो: पुढे कोणती लाइन घ्यायची? आजोबांच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडत नसे. बडोदा कॉलेज 1881 मध्ये सुरू झालं आणि तिथली पदवी म्हणजे गायकवाड सरकारच्या नोकरीची वाट, हे समीकरण बसलं. कारकुनापासून वहिवाटदार (तालुक्याचा अधिकारी), सुभ्यापर्यंतची (प्रांताचा अधिकारी) स्वप्नं त्या एका वाटेवर होती.

खुद्द सयाजीरावांना मात्र एवढ्यावर समाधान नव्हतं. 1890 मध्ये त्यांनी कलाभवन काढलं आणि ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवलं. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे हाताला काम देणारे विषय तिथे शिकवले जात, आणि तेही मातृभाषेतून, असा गज्जरांचा आग्रह होता. रंगाची भट्टी लावायला इंग्रजी कशाला अडायला हवी? मला हा निर्णय त्या काळातला सगळ्यात धाडसाचा वाटतो. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून आलेले दादासाहेब फाळकेही इथेच शिकले. पुढे 1907 मध्ये गज्जर आणि त्यांचे शिष्य कोटीभास्कर व अमीन यांनी अलेम्बिक ही औषध कंपनी उभी केली. सुरुवातीला तिथे टिंक्चर आणि अल्कोहोल तयार होई. म्हणजे इथे शिक्षणाने नुसती नोकरी शोधली नाही, कारखानाच जन्माला घातला. करिअरच्या गप्पांत हा भाग कुणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

मग 1949 उजाडलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं 30 एप्रिलला आणि दुसऱ्याच दिवशी, 1 मे रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. दरबारची नोकरी संपली, पदवी तेवढी हातात राहिली. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. इंग्रजी माध्यमामुळे इथल्या पदवीला गुजरातबाहेरही दारं उघडी होती. कलाभवनाचं रूपांतर अभियांत्रिकी विद्याशाखेत झालं.

साठच्या दशकात कोयलीची रिफायनरी आणि गुजरात स्टेट फर्टिलायझर्स आली, 1969 मध्ये आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी. केमिकल किंवा मेकॅनिकल केलेल्या मुलाला घरचं जेवण सोडावं लागत नसे. डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसायचं आणि निवृत्तीपर्यंत तीच बस. त्या दोन-तीन दशकांनीच ‘इंजिनिअर झाला की सुटला’ हे मत मराठी घरांत पक्कं केलं. कॉमर्सवाल्यांना बँकेचा आधार होता. बँक ऑफ बडोदा 1908 पासून इथलीच.

2002 मध्ये आयपीसीएल रिलायन्सकडे गेली. डिग्रीचं नाव तेच राहिलं, पण तिच्यामागची कायम नोकरीची हमी पातळ झाली. आई-वडील अजून तिच्याच भरवशावर शाखा सुचवतात, आणि मुलं विचारतात ते कॅम्पसला कोणत्या कंपन्या येतात.