गुणसूत्रीय विकार आणि आनुवंशिकता

माणसाच्या शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे, म्हणजे आनुवंशिक गुण वाहून नेणारे धागे, असतात. त्यांच्या २३ जोड्या लागतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडचे, एक वडिलांकडचे. २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच. तेविसावी लिंग ठरवते: स्त्रीत दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. आई नेहमी एक्सच देते, त्यामुळे मुलगा की मुलगी हे वडिलांकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावण्याला जीवशास्त्राचा कोणताही आधार नाही.

गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडली की गुणसूत्रीय विकार होतो. गुणसूत्रावरच्या एखाद्याच जनुकात, म्हणजे एका आनुवंशिक सूचनेत, दोष असेल, तर तो एकजनुकीय विकार. गोव्यात घरगुती बोलण्यात दोन्हींना सरसकट 'घराण्यातलं' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. थॅलेसेमियासारखा (रक्तातले हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा) एकजनुकीय विकार पिढ्यांतून उतरतो. डाउन सिंड्रोमसारखा गुणसूत्रीय विकार मात्र बहुतेक वेळा कोणाच्याच घराण्यातून आलेला नसतो. तो त्या एका बीजपेशीच्या विभाजनात घडलेला अपघात असतो.

१९५६ पर्यंत माणसाची गुणसूत्रे ४८ आहेत असे पाठ्यपुस्तके सांगत. त्या वर्षी जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ती ४६ असल्याचे दाखवून दिले. ती मोजण्याची रीत, म्हणजे कॅरिओटाइप चाचणी, समजून घेण्यासारखी आहे. थोडे रक्त घेऊन त्यातील पांढऱ्या पेशी शरीराच्या तापमानाला सुमारे तीन दिवस वाढवतात. त्यांना विभाजनाला प्रवृत्त करणारे द्रव्य राजम्याच्या जातीच्या घेवड्यातून काढलेले असते. मग ऐन विभाजनात पेशींना थोपवण्यासाठी कोल्चिसीन किंवा त्याच गटातले द्रव्य घालतात. पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी असते ना, तिच्या कंदातही हेच कोल्चिसीन असते, आणि म्हणूनच ती अत्यंत विषारी आहे. थांबलेल्या पेशी पातळ क्षारद्रावणात फुगवून काचपट्टीवर टाकतात. रंग दिल्यावर प्रत्येक गुणसूत्रावर आडवे पट्टे उमटतात. साधारण २० पेशी तपासून, लांबी आणि पट्टे पाहून जोड्या लावल्या जातात. अहवालात शेवटी एकच ओळ येते: '४७, एक्सवाय, +२१'. अर्थ असा की बाळ मुलगा आहे आणि त्याच्यात एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन आहेत.

हाच डाउन सिंड्रोम. जॉन लँगडन डाउन यांनी १८६६ मध्ये त्याचे वर्णन केले. कारण १९५९ मध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमंड त्युर्पँ यांच्या कामातून कळले. बीजांड वा शुक्रपेशी तयार होताना जोडीतली गुणसूत्रे एकमेकांपासून सुटून दोन बाजूंना जायला हवीत. कधी ती सुटत नाहीत आणि दोन्ही एकाच पेशीत जातात. बहुतेक वेळा ही चूक बीजांडात होते. स्त्रीची बीजांडे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच बनू लागतात आणि अर्धवट विभाजनावर वर्षानुवर्षे थांबून राहतात, म्हणून वयाबरोबर धोका वाढतो. विशीत तो सुमारे १,५०० जन्मांत एक, पस्तिशीत साधारण ३५० त एक आणि चाळिशीत १०० त एक असा असतो. तरीही डाउन सिंड्रोमची बरीच मुले तरुण आयांच्या पोटी जन्मतात, कारण मुळात बाळंतपणे त्या वयात जास्त होतात. ग्रहणात सुरी हातात धरली, अमुक खाल्ले, देवाचे राहून गेले, यांतल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. हे आईला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे, आणि तेही नातेवाइकांच्या देखत.

अशा बाळाचे अंग सैल असते, डोळे किंचित तिरके आणि नाकाचा दांडा चपटा. तळहातावर कधी एकच आडवी रेघ दिसते. जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, त्यामुळे बाळ गुटगुटीत दिसत असले तरी इकोकार्डिओग्राम करून घ्यावाच. थायरॉइड आणि कान यांची तपासणी पुढेही नियमित लागते.

तेराव्या आणि अठराव्या गुणसूत्राच्या ट्रायसोमी, म्हणजे ते गुणसूत्र दोनऐवजी तीन असणे, याहून फार गंभीर. बहुतेक बाळे वर्षभरही जगत नाहीत. टर्नर सिंड्रोममध्ये मुलीत एकच पूर्ण एक्स असतो: उंची कमी राहते, पाळी सहसा आपोआप येत नाही. क्लाइनफेल्टरमध्ये पुरुषात एक एक्स जास्तीचा असतो, आणि अनेकांना तो मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळतो.

डाउन सिंड्रोमच्या ३ ते ४ टक्के रुग्णांत मात्र गोष्ट वेगळी असते. जास्तीचे एकविसावे गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला, बऱ्याचदा चौदाव्याला, चिकटलेले असते. आई किंवा वडील धडधाकट असूनही अशी जोडलेली गुणसूत्रे बाळगून असू शकतात, आणि मग पुढच्या गरोदरपणातही धोका उरतो. म्हणूनच चेहऱ्यावरून निदान स्पष्ट झाले तरी कॅरिओटाइप टाळू नये. असे स्थानांतर आढळले, तर आईवडिलांचीही चाचणी करतात.

एकजनुकीय विकारांचे गणित निराळे. थॅलेसेमियात दोन्ही पालक निरोगी वाहक (जनुकाची एक प्रत सदोष, पण स्वतः आजारी नसलेले) असले, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता आजारी मुलाची असते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नसते. इथे नात्यातले लग्न धोका वाढवते. आपल्याकडे सगोत्र टाळतात, पण गोत्र फक्त बापाच्या बाजूने मोजले जाते. जनुके दोन्हीकडून येतात. काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालते. मामेबहिणीशी आपली सरासरी आठवा हिस्सा जनुके सारखी असतात, दूरच्या सगोत्र अनोळखी मुलीशी जवळपास काहीच नाही.

गोवा सरकारने २००८ मध्ये नवजात बालकांच्या तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला. यात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब खास कागदावर वाळवतात. अशा तपासणीत सापडणारी एक उणीव जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची). तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने त्रास मुख्यतः मुलग्यांना होतो. एरवी बाळ ठणठणीत असते, पण काही औषधांनी, उदाहरणार्थ हिवतापावरच्या प्रायमाक्वीनने, तांबड्या पेशी फुटतात. डांबराच्या गोळ्यांतील नॅफ्थलिननेही तेच होते. पावसाळ्याच्या दमटपणात आपण बाळंतविडा आणि दुपटी याच गोळ्यांबरोबर कपाटात ठेवतो. ही उणीव असलेल्या घरात त्या गोळ्या आणूच नयेत.

गर्भावस्थेत ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी आणि रक्तचाचणी डाउन सिंड्रोमसारख्या विकाराची फक्त शक्यता सांगतात. पक्के निदान गर्भजलाच्या तपासणीने होते आणि ती साधारण पंधराव्या आठवड्यानंतर करतात. १९९४ च्या कायद्यानुसार गर्भाचे लिंग सांगता येत नाही.

जनुकीय समुपदेशनात तीन पिढ्यांची वंशावळ काढतात: पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. गोव्यातल्या कुटुंबांना कूळ, मूळ गाव, कुळदेव तोंडपाठ असतात, त्यामुळे कागद पटकन भरतो. अडते ते गर्भपातापाशी. आजी, काकी, आत्या यांचे पोटातच गेलेले गर्भ घरात कोणी मोजलेले नसतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या जवळपास निम्म्या गर्भपातांमागे गुणसूत्रांचा दोष असतो, आणि एकाच घरात ते वारंवार झाले असतील तर जोडलेल्या गुणसूत्राचा पहिला माग तिथेच लागतो.